निळ्या पाण्याची रेघ

शाळा अर्धवट सोडून मी वऱ्हाडातून गोव्यात मोरजीला आलो आणि हौशी गिऱ्हाइकांना खोल समुद्रात मासे धरायला नेणाऱ्या बोटीवर लागलो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं की पात्रांव, म्हणजे आमचा मालक, गडी बदलायचा. त्यामुळे मी कायम धास्तावलेला.

एकदा एक गृहस्थ आले. उपग्रहाचा नकाशा मोबाइलवर, आणि मोबाइल छातीशी, बाळंतिणीने पोर धरावं तसा.

"हिरवं पाणी निळ्याला भिडतं ना, त्या रेघेवर मोठा मासा येतो. कुणाला बोलू नकोस हं!" ते माझ्या कानात कुजबुजले. बोट हाकणाऱ्या तांडेलालाही ते "डावीकडे, अजून डावीकडे" एवढंच सांगत.

रेघ खरंच सापडली. तिच्यावर आधीच दहा-बारा बोटी उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर एक गृहस्थ मोबाइल छातीशी धरून.

"माझी जागा चोरली!" आमचे गृहस्थ ओरडले.

"सायबा, असलो फोन तुमच्या एकल्याकडेच आसा?" तांडेल म्हणाला.

मासा एकही लागला नाही. किनाऱ्यावर पात्रांव माझ्यावर डाफरला, "गळ नीट लावला नसशील!" तेव्हा गृहस्थच मध्ये पडले, "त्याला कशाला बोलता? मासा होता हो, गर्दीला बुजला." माझी नोकरी वाचली.

त्यांना मोठा मासा मिळू दे, असं मी अजून देवाला सांगतो. फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीवरून.