पाच जपानी कप आणि फुकटचा सहावा

इंदूरला आम्ही गेलो ते कपांसाठी. मध्यभारत हे राज्य होतं तेव्हाची गोष्ट, माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. देवासला आमच्याकडे दर रविवारी ह्यांच्या शाळेतले रशीद मास्तर बुद्धिबळ खेळायला यायचे. चहा सगळ्यांबरोबर त्यांनाही मिळायचा, पण कप वेगळा. कान तुटलेला, दाराबाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. सासूबाईंचा नियमच होता तसा, आणि तो कप काढून देणं, मग वरून पाणी ओतून परत ठेवणं माझ्याकडे. मास्तर कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला मात्र दर रविवारी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी ठरवलं, घरात सगळे कप एकसारखे आणायचे. मग कुणाचा कुठला, बसा शोधत!

नवे परवडत नव्हते. मल्हारगंजाच्या एका गल्लीत जुन्या सामानाचा बाजार भरतो, असं कळलं. सुटीच्या दिवशी सकाळची पहिली मोटार धरली. क्षिप्रेच्या पुलापर्यंत रस्ता बरा, पुढे नुसती धूळ. त्या मोटारीत मागच्या बाकावर बसू नये, एवढं मी शपथेवर सांगते. इंदूरला उतरून आधी पोहे, वर मूठभर शेव आणि सोबत गरम जिलबी. मग टांग्याने बडा गणपती. मूर्ती एवढी मोठी की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. मी देवाकडे कप मागितले. हे हसले.

बाजारात कंदील, कुलपं, बंद पडलेली घड्याळं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चिंध्यांतून कपबशा काढल्या. निळ्या फांदीची नक्षी, इतक्या पातळ की उन्हात धरलं तर पलीकडचं बोट दिसावं.

"जापान का माल है बाईसाब, लड़ाई के पेले का." म्हणजे महायुद्धाआधीचा.

पाच रुपयांचे साडेतीनवर आणले. पण निळे कप पाचच होते. सहावा गुलाबी फुलाचा.

"ये ऊपर से ले जाव. पैसे नी लगेंगे."

"अगं, मुफ्त देतोय तो, घेऊन टाक ना," हे म्हणाले.

"नको."

"का पण?"

"घरी गेल्यावर हा कुणाचा होईल, सांगा बरं."

 मग ह्यांनी स्वतःच तो कप उचलून परत ठेवला.

"चालीस साल से बैठा हूँ भिया," दुकानदार म्हणाला, "मुफत का माल लौटाते पेली बार देखा!"

परतीच्या वाटेवर गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. दारातच सासूबाईंनी विचारलं, "कुणाचे उष्टे कप आणलेस?"

"जपानचे आहेत, आई," हे म्हणाले. इतक्या लांबच्या उष्ट्याचं काय करायचं, ते सासूबाईंना चटकन सुचलं नाही. कान तुटलेला कप त्या संध्याकाळी माझ्या हातून पडला. मुद्दामच.

रविवारी सासरे, दीर, हे, मी आणि मास्तर, पाचही जणांचा चहा झाला. सासूबाई स्वतः पितळी फुलपात्रातून प्यायच्या. मी मोरीवर कप नेले, तशा त्या मागोमाग आल्या.

"त्यांचा कुठला गं?"

"ओळखू येत नाही, आई." खरंच येत नव्हता.

त्यांनी एकेक कप फिरवून पाहिला. "मग पाचही ठेव बाहेर."

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा स्वतःचा कप आणायला कुरकुरत कोनाड्याशी गेले, आणि मला हसू आवरेना. सासूबाई बदलल्या, असं मी म्हणणार नाही. पण सगळं घर आता त्या कोनाड्यातल्या कपांतून चहा पीत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी मास्तर आले ते कोनाड्यातले पाचही कप हातात घेऊनच. सासूबाई समोर उभ्या.

"जपून हो मास्तर," त्या म्हणाल्या, "एकसारखे पाच परत मिळायचे नाहीत."