डावखुरा साडूकडे उतरला

चौकातल्या सलूनवाल्याला सगळे देवमाणूस म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही किरकिर करो, याचा आवाज कधी चढला नाही. तर असा हा माणूस शाळकरी वयात एका दुपारी फुटबॉल क्लबाच्या फायनलला गेला. तिथे डाव्या पायाने खेळणाऱ्या एका खेळाडूने कोपऱ्यातून चेंडू असा वळवला, की समोरचा गोलकीपर हात वर करून बघतच राहिला. त्या दुपारपासून सलूनवाला त्या खेळाडूचा झाला. लोक त्याला डावखुरा म्हणत. खरं नाव फक्त पेपरात यायचं.

पुढे दुकान टाकल्यावर आरशाभोवती सगळे फोटो डावखुऱ्याचे. लग्न होऊन आलेली बायको पहिल्यांदा दुकानात शिरली आणि म्हणाली, "अहो, यात माझा एक तरी लावा की. सवत तरी दिसेल सवतीला." तिचा फोटो लागला, पण कंगव्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला.

डावखुरा खेळायचा थांबला, दुसऱ्या शहरात राहायला गेला, केस पिकले. मग एका वर्षी क्लबाच्या चाहत्यांनी ठरवलं, जुन्या खेळाडूंचा मेळावा भरवायचा. शनिवारी पाहुणे येणार, रविवारी मैदानावर सामना आणि संध्याकाळी सत्कार. हॉटेलबिटेल नाही, प्रत्येक खेळाडू एकेका चाहत्याच्या घरी उतरणार.

डावखुरा आपल्याकडेच येणार असं धरून सलूनवाल्याने घराला रंग काढला. नवी चादर आणली. आणि चाहत्यांच्या मंडळाचे सचिव दुकानात येऊन खुर्चीच्या काठावर टेकले तेव्हाच त्याला काहीतरी बिनसल्याचा वास आला.

"असं आहे," सचिव म्हणाले, "डावखुऱ्याचे गुडघे गेलेत. तुमचं घर दुकानाच्या वर, आणि तो जिना कसला, शिडीच ती. तुमच्या साडूंचं घर तळमजल्यावर आहे, दारात गाडी आहे. त्यांना विचारलं, ते हो म्हणालेत."

कारण अगदी रास्त होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. भाड्याची गाडी चालवायचा. माणूस दिलदार, हसतमुख, पण चेंडू गोल असतो यापलीकडे त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा सलूनवाल्याच्या आग्रहाने सामन्याला आला, तर मध्यंतरात म्हणाला, "झालं ना? चला मग." गाढवाला गुळाची चव काय, असं सलूनवाला तेव्हा हसून म्हणाला होता. आता ते गाढव अख्खी ढेप घेऊन बसलं होतं.

शनिवारी दुपारी साडूचा फोन आला. "साडूभाऊ, तुमचे ते साहेब आलेत बरं का! आमच्या सोफ्यावर आडवे झालेत. घोरतायत पण काय! रात्री दोघं जेवायलाच या."

"माझी दाढ ठणकतेय," सलूनवाला म्हणाला. दाढ ठणठणीत होती.

बायको एकटीच गेली. परत आली तेव्हा तो पेपर वाचत बसला होता. पेपर कालचा होता.

"काय म्हणाला?" थोड्या वेळाने त्याने पेपराआडून विचारलं.

"कोण?"

"कोण काय कोण! तो."

"भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाला. मग ताकात कमी पडलंय म्हणाला."

"फायनलचं काही बोलला?"

"नाही बाई. गुडघ्यांचं बोलला. आमच्या मेहुण्यांनी तेल लावून चोळून दिले, म्हणून खूश होता."

सलूनवाल्याने पेपर खाली ठेवला. ते गुडघे साडूच्या हातांनी चोळावेत? ज्याला डावा पाय कुठला तेही विचारावं लागलं असेल त्याने? तळपायाची आग मस्तकात गेली. जेवण न करताच तो झोपला, आणि बायकोने दिवा मालवताना मुद्दाम विचारलं, "दाढेला लवंग देऊ का?"

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. खेळाडू एकेक करून आत आले, पोटं सुटलेली, कुणी लंगडत, कुणी कमरेला पट्टा बांधून. डावखुरा आला. त्याच्यामागे त्याची बॅग खांद्याला लावून, छातीवर 'यजमान' असा बिल्ला मिरवत साडू. सलूनवाल्याने घसा फाटेस्तोवर हाक मारली. डावखुऱ्याने हात हलवला, पण तो सगळ्यांनाच. साडूने मात्र नेमका ह्यालाच हलवला.

सामना दोन जुन्या संघांचा होता. पलीकडच्या गोलमध्ये उभा होता क्लबाचाच जुना गोलकीपर, ज्याला लोक भिंत म्हणायचे. डावखुऱ्याला पेनल्टी मिळाली. डावखुरा लंगडतच पुढे आला, चेंडू मारला, आणि भिंत आपल्या अवाढव्य देहासकट आडवी होऊन त्यावर पडली. चेंडू पोटाखाली. लोक हसले, मग उठून उभे राहिले, आणि जो गजर झाला तो "भिंत! भिंत!" असा. डावखुरा कमरेवर हात ठेवून गवताकडे बघत राहिला.

सत्काराआधी साडूची गाडी सलूनसमोर थांबली. "साहेबांना दाढी करायचीय. म्हटलं, आमच्या साडूभाऊंशिवाय कोण करणार!" असं म्हणून साडू गाडी धुवायला निघून गेला.

डावखुरा खुर्चीत बसला. भोवती त्याचेच फोटो होते, पण त्याने वर पाहिलं नाही. सलूनवाल्याने साबणाचा फेस केला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलायचं सोडून तो फेसच घोटत बसला. शेवटी डावखुराच बोलला.

"भिंतीची दाढी तूच केलीस का?"

"नाही."

"बरं झालं." मग गाल फुगवून, "आज त्याच्या नावाचा गजर जास्त झाला ना?"

"तुमचाही झाला की."

"खोटं बोलू नकोस. वस्तरा हातात असताना तरी." डावखुरा आरशातून त्याच्याकडे बघू लागला. "त्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा आला माहितीय? गोल मी मारला, आणि फोटो भिंतीचा. तेव्हापासून बघतोय. लग्नात त्याच्या माणसं जास्त. पोरगी त्याची डॉक्टर. गुडघे बघ, त्याचे अजून शाबूत."

सलूनवाल्याचा हात हवेतच राहिला. हा माणूस, ज्याच्यासाठी त्याने आपलं दुकान देवघरासारखं सजवलं, तो शेजारणीसारखा कुणाच्या घरात काय शिजतंय ते मोजत होता. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

"रागावू नका," तो म्हणाला, "पण माझ्या साडूवर कालपासून माझा असाच जळफळाट चाललाय. तुम्ही त्याच्याकडे उतरलात म्हणून."

"त्याच्यावर?" डावखुरा इतका हसला की फेस सलूनवाल्याच्या शर्टावर उडाला. "अरे, त्याने मला तीनदा विचारलं, साहेब, तुम्ही गोलकीपर होतात ना?"

दोघंही पोट धरून हसले. पण संध्याकाळच्या भाषणात डावखुऱ्याने आभार मानले ते साडूचे, साडूच्या बायकोचे आणि साडूच्या तेलाचे. सलूनवाला शेवटच्या वाक्यापर्यंत कान टवकारून होता. दाढीचा उल्लेख काही आला नाही.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला त्याने हट्टाने भिंतीला आपल्या घरी मागून घेतलं. "जिना चढेल तो," असं सचिवांना वर ऐकवलं. डावखुऱ्याला खिजवायचं होतं आणि साडूलाही. भिंत निघाली साधी, बोलकी, ताटात पडेल ते खाणारी. डावखुरा यंदाही साडूकडेच उतरला होता. शनिवारी साडूने सगळ्यांनाच जेवायला बोलावलं. यावेळी सलूनवाल्याची दाढ ठणकली नाही.

डावखुऱ्याने भिंतीला दारात बघितलं आणि नमस्कारही न करता सुनावलं, "ती पेनल्टी. तू आधीच हललास."

"हललो नाही, घसरलो," भिंत म्हणाली.

"म्हणजे वाचवली नाहीसच!"

"पोटाने वाचवली. तुझ्याकडे होतं का तेव्हा एवढं पोट?"

तिथून जी जुंपली ती जेवणभर. कोणत्या सामन्यात कोण चुकलं, प्रशिक्षक कुणाचा लाडका, कुणाची आई कुणासाठी डबा पाठवायची. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने मोडून काढावं. मेहुणीने दोनदा वाढलं तरी त्यांना कळलं नाही. साडू कौतुकाने ऐकत होता. सलूनवाल्याने मध्ये एकदा त्या फायनलच्या गोलबद्दल तोंड उघडलं. "थांब रे," दोघंही एकदम म्हणाले आणि पुन्हा एकमेकांकडे वळले.

तो ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. बायको ओट्याशी उभी होती.

"आता काय झालं?" तिने विचारलं. "दोघंही आले, एका घरात बसलेत. अजून कुणावर जळताय?"

"त्या दोघांवर," सलूनवाला म्हणाला, आणि नळ सोडून ताट विसळायला लागला.