यवतमाळच्या जिनफैलमध्ये जावई म्हणून दोन दिवस

शनिवार, १४ डिसेंबर. सकाळी धामणगावला उतरलो. एसटीने यवतमाळ. लॉजवर सामान टाकलं, अंघोळ केली, रिक्षाने जिनफैलला गेलो. दिवसभर खुर्चीवर बसलो. संध्याकाळी लॉजवर परत.

एवढंच होणार हे आधी कळलं असतं तर नाशिकला घरच्या खुर्चीवर बसलो असतो. ती जास्त बरी आहे, तिला हात आहेत.

हा ब्लॉग पूर्वीपासून वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी आणि सुनंदा वर्षातून दोनदा फिरायला जायचो आणि परत आल्यावर मी इथे रस्ते, जेवण, मुक्काम यांबद्दल लिहायचो. गेल्या डिसेंबरात ती गेली. त्यानंतर काही लिहिलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, कुठेतरी जाऊन या." मी यवतमाळ ठरवलं. तिला वाटलं होतं मी महाबळेश्वर वगैरे म्हणेन.

यवतमाळ सुनंदाचं माहेर. लग्नानंतर मी तिथे मोजक्याच वेळा गेलो, तेही लग्नकार्याला. जावयाने समोरच्या खोलीत बसायचं, जेवायचं, निघायचं. सासरे कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर घर विकलं गेलं, मेहुणा बंगळुरूला स्थायिक झाला. त्याच्याकडूनच फोनवर कळलं की जिनफैलमधून मोठा रस्ता जाणार आहे आणि अर्धी वस्ती तुटणार आहे. फैल म्हणजे इकडे वस्ती. जुन्या जिनिंगभोवती, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याभोवती, वसली म्हणून जिनफैल. सुनंदा तिथलं खूप सांगायची. फाटकात बैलगाड्यांसाठी वजनकाटा होता. एकट्या मुलीचं वजन त्याला कळायचंच नाही, म्हणून गल्लीतल्या सगळ्या मुली एकदम चढायच्या आणि मग भागाकार करायच्या. हे सगळं तुटायच्या आत एकदा पायी फिरून पाहावं, तिला ओळखणारे कोणी भेटले तर तिच्याबद्दल चार गोष्टी ऐकाव्यात, इतकाच हेतू होता.

आता व्यवहाराचं. नाशिककडून येणाऱ्यांनी धामणगावचं तिकीट काढावं. स्टेशनबाहेरून यवतमाळची एसटी मिळते, तास-सव्वा तास लागतो. पासष्टच्या पुढे असाल तर अर्धं तिकीट, पण आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा, कंडक्टर थांबत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी आणि वेचून झालेला कापूस. बसस्टँडजवळ लॉज बरेच आहेत. माझ्या खोलीत गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच, आणि गरम म्हणजे कोमट. स्टँडसमोर आलूबोंडा रश्शात बुडवून देतात. रस्सा आधी थोडाच मागा. मी मागितला नाही आणि बराच वेळ मला बोलता आलं नाही.

रिक्षावाल्याला जिनफैल म्हटलं तर त्याने वळून पाहिलं. "तिथं कायले जाता? पाहाले काय हाय तिथं? अंबादेवीले नेतो, चला."

"जिनफैललाच जायचंय."

"प्लॉट घ्याचा हाय का?"

"नाही."

"मंग?" तो बापडा पूर्ण रस्ता आरशातून माझ्याकडे पाहत होता.

चूक मी उतरल्यावर केली. कोपऱ्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान दिसलं. आत माझ्याच वयाचा माणूस तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मी त्याला जुन्या घराचा पत्ता विचारला. त्याने विचारलं, "तुम्ही कोन जी?" आणि मी सरळ सांगून टाकलं, सुनंदाचा नवरा.

तो माणूस, दिवाकरभाऊ, तार टाकून उभाच राहिला. "अरे, जवाई आले! आपल्या फैलाचे जवाई आले!"

पुढच्या पाच मिनिटांत मी रस्त्याच्या कडेला लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. समोर पोहे, त्यावर तर्री, बाजूला चहा. गल्लीतल्या ज्या घराण्याशी माझा संबंध, ते घराणं तिथे राहिलेलं नाही, तरी मी सगळ्या गल्लीचा जावई. एका घरी झालं की दुसऱ्या घरी. प्रत्येक घरी खुर्ची, प्रत्येक घरी चहा, एका घरी शाल आणि नारळ. पायी फिरायचं म्हटलं की कोणीतरी दंडाला धरून बसवायचं.

तेही चाललं असतं. पण सुनंदाचं नाव कोणी घेईना. ती गेल्याचं या गल्लीत मेहुण्याकडून कळलं होतं. पहिल्या घरात एक बाई म्हणाली, "सुनंदी म्हंजे…" आणि शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. दिवाकरभाऊंनी लगेच विषय बदलला, "रेल्वेचं ऐकलं का तुम्ही?" दुसऱ्या घरात मीच म्हटलं, "सुनंदा इथल्या वजनकाट्याबद्दल फार सांगायची." मग एक आजोबा माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "जाऊ द्या जी. नका आठवू." मी पाचशे किलोमीटर आठवायलाच आलो होतो. पण हे कुणाला कसं सांगणार? मला असं बोलता येत नाही. मी चहा प्यालो.

रेल्वेबद्दल मात्र मला सगळं पाठ झालं. वर्ध्याकडून नवी लाइन येते आहे, तिचं स्टेशन जवळ पडणार, मग रस्ता रुंद होणार, मग जिनिंगच्या जागेवर मार्केट होणार. "पाच वर्षांनी या, वळखू नाई येनार तुम्हाले," दिवाकरभाऊ म्हणाले. मला आत्ताच ओळखू येत नव्हतं, कारण मला काही पाहूच दिलं नव्हतं. ज्यांच्या भिंतीवर लाल खूण आहे त्यांना नुकसानभरपाईची आशा, ज्यांच्या नाही त्यांना दुकानाची. खूण अर्ध्या भिंतीवर असलेला एक इसम रोज सकाळी भिंतीकडे पाहून भांडतो म्हणे, कुणाशी ते ठरलेलं नाही.

चार वाजता मी पुन्हा म्हणालो, जरा चक्कर मारतो. दिवाकरभाऊंनी अ‍ॅक्टिव्हा काढली. "जवायाले पायी फिरवू का? लोक काय म्हनतीन?" दहा मिनिटांत नवा सिमेंट रस्ता, पाण्याची नवी टाकी, आणि जिथे स्टेशन 'येऊन राह्यलं' ते मोकळं रान दाखवून त्यांनी मला परत खुर्चीवर आणून सोडलं. जिनिंगच्या फाटकापाशी थांबा म्हटलं तर, "तिथं गंदगी हाय जी. तुम्ही कायले पाहाता?"

रविवारी मी लवकर उठून लॉजच्या मागच्या जिन्याने उतरलो. दिवाकरभाऊ अ‍ॅक्टिव्हावर बसून माझी वाट पाहत होते. मागच्या जिन्यापाशीच.

"मले वाटलंच, तुम्ही लाजून पायी निघसान."

दुपारी त्यांच्या अंगणात रोडग्यांचा बेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची भाजी. यवतमाळला थंडीत जाणाऱ्यांनी हे कुणाच्या तरी घरी जमवावंच, हॉटेलात ती चव नाही. मी दोन खाल्ले. तिसरा ताटात पडला तेव्हा मी हात आडवा धरला, तर तो बोटांच्या फटीतून आला. संध्याकाळची एसटी. म्हणजे दोन-तीन तास उरले होते, आणि मी अजून एकही पाऊल स्वतःच्या मनाने टाकलेलं नव्हतं. राग येत होता. माझ्यासाठी एवढं करणाऱ्या लोकांवर राग येतो याचाही राग येत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं, "नळ आले!"

वाढणारी सून पळीसकट धावली. दिवाकरभाऊ हात न धुता उठले. आजोबा, बाया, पोरं, सगळं अंगण अर्ध्या मिनिटात रिकामं. पाणी आठवड्याने येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही, हे मला कालपासून तीन घरांत सांगून झालं होतं. नळापुढे जावई कोण? मी ताट बाजूला ठेवलं, हात धुतला आणि चालू लागलो.

कुणी हाक मारली नाही.

जिनिंगचं फाटक एका बिजागरीवर उभं आहे. वजनकाट्याची लोखंडी प्लेट कुणीतरी काढून नेली आहे. खाली चौकोनी खड्डा राहिला आहे, त्यात बाभळीची रोपं आणि क्रिकेटचा एक फुटका चेंडू. मी कडेला उभं राहून पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच लहान आहे. इतक्या मुली मावत कशा होत्या कोण जाणे. आत जिनिंगच्या जुन्या ऑफिसात आता अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली शांत बसून वाचत होती, दारात चपलांची रांग. जिनफैलमध्ये पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर मी ही खोली सांगेन. स्टेशन येवो न येवो, ती चालू आहे.

मागच्या गल्लीने परत येताना एक म्हातारी रबरी पाइपशी झटापट करत होती. पाइप सारखा ड्रममधून निसटत होता.

"ओ भाऊ! पाहून काय राह्यले? धरा ना जरा हा."

मी धरला. दोन दिवसांत मला कुणी सांगितलेलं हे पहिलं काम.

"कोनाच्या घरचे?" तिने विचारलं.

मी सांगणार होतो. पण सांगितलं की खुर्ची येणार आणि तोंडं बंद होणार, हे आता मला कळलं होतं. "लॉजवर उतरलोय," मी म्हणालो. "नवी रेल्वे बघायला आलो."

"आली का?"

"नाही."

"मले ठाव हाय." ती बादली सरकवत म्हणाली. "नीट धरा. धार पाहा, पोराच्या मुतावानी. त्या कोपऱ्यावरच्याइनं मोटार लावली असन. आता कोनी बोलनारं नाई राह्यलं. पयले होती एक. कचेरीतल्या बाबूची पोरगी, सुनंदी."

मी पाइपाकडे पाहत राहिलो. "काय करायची?"

"काय करे? दिवाकरच्या बापानं नळाले टिल्लू पंप लावला होता, साऱ्या फैलाचं पानी वढे. ही गेली, पंप उपटला अन् देला जिनाच्या हिरीत फेकून! सतरा-अठराची असन. त्याचा बाप शिव्या देत आला, तर हिनं त्याच्यापेक्षा मोठ्यानं देल्या. हे एवढं तोंड! गल्लीत कोनी नादी नाई लागे तिच्या."

सुनंदाने आमच्या घरात कधी आवाज चढवला नाही. दूधवाल्याला खाडा सांगायचा तरी ती मला पाठवायची. मी म्हणालो, "मग?"

"मंग काय, लगन झालं. नाशकाकडं देली. तिकडं पानी हाय म्हनते. हाय का हो?"

"आहे. रोज येतं."

"मंग बसली असन निवांत," म्हातारी म्हणाली. "भांडाले कारनच नाई."

मी म्हणालो, "हो."

तिला सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ड्रम भरला, तिने पाइप दुसऱ्या टाकीत टाकायला लावला. ती टाकी भरत असताना पाणी गेलं. मग तिने मला जायला सांगितलं.

संध्याकाळी दिवाकरभाऊंनी स्टँडवर सोडलं. नळ आल्यामुळे जेवण अर्धवट राहिलं म्हणून ते वाटभर माफी मागत होते. डब्यात रोडगे बांधून दिले होते. एसटी लागली, मी चढायच्या आधी विचारलं, "तुमच्या वडिलांचा पंप सापडला का कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग इतक्या जोरात हसले की कंडक्टर वळला. "तुम्हाले कोनं सांगलं?"

"सापडला का?"

"हिरीतच हाय अजून! बावा, म्या वाइंडिंग शिकलो तो त्याच्यापाईच. नवा घ्याले बापाजवळ पैसे नोयते, जुना एक जळका आनला, तो मी दुरुस्त केला." हसता हसता त्यांचे डोळे भरले. "लय खतरनाक होती जी सुनंदी. मी दोन दिवसांपासून सांगीन म्हनत होतो. पन सारे म्हने, जवायापुढं नाव नोको काढू, त्रास होईन."

मी म्हणालो, "झाला असता. तरी सांगायचं होतं." ड्रायव्हरने हॉर्न दिला.

सोमवारी घरी आलो.

जिनफैलला जाण्याचा सल्ला मी देणार की नाही? हॉटेल नाही, रिक्षावाले यायला तयार नसतात, रस्त्यावर धूळ आहे आणि पाणी आठवड्याने येतं. थंडीत जा, अभ्यासिका पाहा, रोडगे खा. तिथे तुमचं सासर असेल तर कृपा करून कुणाला सांगू नका, निदान नळ येईपर्यंत. रस्ता झाला तर मागची गल्ली राहणार नाही असं मेहुणा म्हणतो. दिवाकरभाऊंच्या दुकानावरही लाल खूण आहे. त्यांनी ती मला दाखवली नाही, मी पाहिली.

बाकी, इतकी वर्षं जिच्यासोबत राहिलो तिला शिव्या येत होत्या हे मला एका अनोळखी बाईकडून कळावं, याचा मला अजून वैताग आहे. आमच्याकडे भांडायला कारण नव्हतं म्हणून ती गप्प होती, की मी गप्प म्हणून तीही गप्प झाली, हे विचारायला आता कोणी नाही. मुलीचा फोन आला, कसं झालं म्हणून. म्हटलं, सगळे भेटले, फार खायला घातलं. बाकीचं ती इथे वाचेल, वाचलं तर.

दोन दिवसांची दाढी राहिली होती. आरसा खिडकीत टेकवला, साबण लावला आणि दाढी करून घेतली.