सीतेच्या वेणीचं कपाट

माटुंग्यातल्या आमच्या कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. नमुन्यांना कीड लागू नये म्हणून कपाटांत डांबरगोळ्या ठेवाव्या लागतात. किश्शांना काहीच लागत नाही, ते आपोआप टिकतात.

माझ्याकडे सीतेची वेणी. हे रानातलं ऑर्किड, फांदीवर वाढतं, गुलाबी तुरे खाली लोंबतात. कागदावर चिकटवलेल्या जुन्या नमुन्यांच्या नोंदी मी कॉम्प्युटरवर चढवते. घरी मात्र माझीच नोंद अडलीय. मी इंदू, आजीचं नाव, मला तेच हवंय. सासूबाईंना सून मृण्मयी हवीय. नवरा म्हणतो, "दोन्ही छान आहेत." त्यामुळे लग्नाला चार महिने झाले, निकाल नाही.

*

एका नमुन्यावर ठिकाण लिहिलंय, 'परळ, आंब्याच्या झाडावर'. माझा सहकारी सचिन परळच्या चाळीत वाढलेला. लेबल वाचून म्हणाला,

"अगं, आमच्याकडे आंबा आता पेटीतच उगवतो."

*

वाळलं की हे फूल तपकिरी पडतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी लेबल वाचून विचारलं, "यात गुलाबी कुठाय?"

आमच्या प्रमुख नाडकर्णी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या आयकार्डावरचे केस कुठायत?"

तपासणी लवकर संपली.

*

नवऱ्याने दादरहून गजरा आणला. मी सवयीने पेपरात घालून गादीखाली दाबला. पेपर त्याच दिवशीचा, सासऱ्यांचं शब्दकोडं अर्धवट राहिलेला. शोधाशोधीत गजरा सापडला.

नवरा म्हणाला, "लोकांच्या बायका गजरा माळतात. माझी पुरते."

*

परवा मी डबा विसरले, तर सासूबाई स्वतः घेऊन आल्या. मॅडमनी त्यांना कौतुकाने सीतेची वेणी दाखवली. एकाच कागदावर तीन लेबलं, तिन्हींवर वेगळी शास्त्रीय नावं.

"नाव बदललं की आम्ही शेजारी नवं चिकटवतो," मॅडम म्हणाल्या.

"मग जुनं काढून का नाही टाकत?"

"काढायचं नसतं हो. ज्याने ते लिहिलं, त्याने तिला झाडावर फुललेलं पाहिलेलं असतं. आपल्याला ती कपाटात भेटली."

सासूबाई डबा ठेवून निघाल्या.

संध्याकाळी शेजारच्या कुलकर्णी काकू वाटी परत द्यायला आल्या. "काय हो, सुनेचं नाव काय ठेवलंत शेवटी?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आम्ही काय ठेवायचं? ती येतानाच घेऊन आलीय."