सौद्याच्या इमारतीतलं मातेरं

लातूरच्या बाजारपेठेतली सौद्याची इमारत निजामाच्या काळातली. दगडी जोतं, सागवानी खांब, खाली शहाबादी फरशी. तिथे ज्वारी-तुरीचे ढीग पडायचे. खरेदीदार अडत्याच्या हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव करायचा. माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा. भाव त्याला सगळ्यांत शेवटी कळायचा. कॉलेजात गेल्यावर मला यातली चोरी दिसली आणि डोकंच सटकलं.

खरं तर मी तिथे लहानपणापासून जात होते. माझी माय तिथे झाडायची. पगार नाही. सौदा उठला की सांडलेलं धान्य मातीसकट गोळा करायचं. ते मातेरं झाडणारीचं, असा रिवाज. आमच्या बौद्धवाड्यातल्या सहा घरांचा तो हक्क. मायच्या आधी आजी झाडायची. दुष्काळात आमच्याकडे भाकरी व्हायची ती त्याच ज्वारीची.

लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना जागा पुरेना. बाजार गावाबाहेरच्या यार्डात न्यायचं निघालं. आम्ही पोरापोरींनी उचलून धरलं. 'रुमालाखालचा भाव बंद करा!' हे पत्रक मीच लिहिलं, नांदेडहून छापून आणलं. इमारतीचा सगळा इतिहास त्यात घातला होता.

बाजार हलला. उघड बोली सुरू झाली. ते बरंच झालं, आजही म्हणते. पण त्याच वर्षी पावसानं दगा दिला, आणि यार्डात झाडायचं कंत्राट एकाच माणसाला मिळालं. मातेरंही त्याचंच. बायांना गेटातून आत सोडेनात.

मी मायला घेऊन बाजार कमिटीच्या बाबूकडे गेले.

"ताई, हा हक्क लिहिलाय कुठं?"

"लिहायला कशाला पाहिजे? दोन पिढ्या झाडतायत."

त्यानं खणातून माझंच पत्रक काढलं. "इतिहास तुम्हीच लिहिला ना? ह्यात हमाल हायेत, मापाडी हायेत. झाडणाऱ्या बाया दाखवा मला."

मी पत्रकाच्या दोन्ही बाजू वाचल्या. नव्हत्या.

"न्हाई का गं आमचं काई?" मायनं विचारलं.

"न्हाई."

"लई शिकली माझी लेक," ती बाबूला म्हणाली. "समद्या गावाचं लिहिलं, घरचं तेवढं राहून गेलं."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, दुसरं पत्रक काढते.

"काढ. आधी इळा घे आन् चाल."

जुनी इमारत दुसऱ्या दिवशी कचेरीच्या ताब्यात जाणार होती. सहाही बाया आत बसल्या आणि फरशीच्या फटींत रुतलेलं धान्य विळ्यानं उकरू लागल्या.

शिपाई ओरडला, "ए बायांनो, सरकारी जागा हाय ही!"

"उद्यापून," माय मान वर न करता म्हणाली.

मी ओढणी कमरेला बांधून बसले. निम्मी ज्वारी किडकी, काळी निघाली. पाखडून, धुऊन, वाळवून दळली. दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली.