पान रिकामा आहे

फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना फुटबॉल खेळू शकणारी पोरगी लांबून ओळखणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. तो शेजाऱ्यांचा साडू असता तर मी त्याचं तोंडभर कौतुक केलं असतं. पण सख्खा साडू म्हणजे सासुरवाडीच्या तराजूत जन्मभर आपल्या समोरच्या पारड्यात बसलेला माणूस, आणि आमच्या घरी ते पारडं सदा खाली. "भाऊजींकडून शिक जरा काहीतरी," हे वाक्य आमची ही मला चहाबरोबर देते. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो, मला त्यांचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत वाटतो.

आता तुम्हीच सांगा, फुटबॉल कुणाचा? मी पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये होतो. राखीव होतो, पण होतो. स्टॅनमोरहून ट्यूबने ऑफिसला जाताना मी पेपर मागच्या पानापासून वाचतो. ऑफसाइडचा नियम मला झोपेतून उठवून विचारा. आमचे साडू मूळचे मिरजेचे, एजवेअरजवळच्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवतात. त्यांना ऑफसाइड म्हणजे काय असं विचारलं तर म्हणतात, "पंगत बसायच्या आधीच पानावर जाऊन बसणं. वाईट दिसतं ते." कॉलेजातली मुलींची टीम चालवायला कुणी तयार नव्हतं. स्टाफ मीटिंगमध्ये तो विषय निघाल्यावर सगळे खाली बघायला लागले, साडू तेवढे समोर बघत राहिले, म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली. त्यांची पात्रता म्हणाल तर एवढीच.

इथं जरा बरं खेळणाऱ्या मुलींना मोठ्या क्लबांच्या अकॅडम्या लहानपणीच उचलून नेतात. उरतात त्या कुणाला नकोशा झालेल्या, नाहीतर कुणी कधी पाहिलेल्याच नाहीत अशा. साडू म्हणतात, "मला त्याच हव्यात." आणि त्या शोधायला ते कुठं लांब जात नाहीत. लॅबमध्ये, कँटीनमध्ये, बसच्या रांगेत नुसते बघत उभे राहतात, जूनमध्येसुद्धा डोक्याला मंकी कॅप आणि काखेत चहाचा थर्मास. एकदा त्यांच्या प्रॅक्टिकलला टेबलावरून बीकर घरंगळला. एका दारात मावणार नाही एवढ्या उंच, लाजाळू पोलिश मुलीनं वहीत काहीतरी लिहिता लिहिता, वर न बघता तो अलगद झेलला आणि जागेवर ठेवला. साडूंनी रिअॅक्शन तिथंच सोडली आणि विचारलं, "मॅग्दा, संध्याकाळी काय करतेस?" ती मॅग्दा आज त्यांची गोलकीपर आहे. फायर ड्रिलची घंटा झाली की बाकीचे मास्तर हजेरीचं बघतात, हे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून गर्दीतून कुणालाही धक्का न लावता सगळ्यात आधी बाहेर कोण पडतं ते बघतात. हिबो नावाची एक बारीकशी सोमाली मुलगी अशी सापडली. तिला वाटलं, पळाली म्हणून आता डिटेन्शन मिळणार. साडूंनी तिला उजव्या बगलेवर नेऊन उभी केली. मी इतकी वर्षं फुटबॉल बघतोय, मला साधी फायर ड्रिल कधी दिसू नये?

पण खरी गंमत त्यांच्या शिकवण्यात आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाला बुफे लावायचा प्रस्ताव दरवर्षी येतो आणि दरवर्षी साडू तो हाणून पाडतात. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमिनीवर पट्ट्या अंथरून रीतसर पंगत बसते आणि वाढपाचे मुख्य तेच असतात. या माणसाला आयुष्यात दोनच गोष्टी येतात, केमिस्ट्री आणि वाढप, आणि त्यातल्या दुसरीवर त्यांनी टीम उभी केली. सरावाला मुलींच्या हातात पाण्याने भरलेल्या स्टीलच्या बादल्या देतात आणि मैदानभर पळवतात. "बादलीकडे बघायचं नाही. बादली हातात आहेच, ती कुठं जात नाही. पानांकडे बघायचं," असं इंग्रजीत ओरडतात. महिन्याभरात पोरींच्या माना वर आल्या आणि बॉल पायात आपोआप राहायला लागला. पास देणं म्हणजे 'वाढ'. "मराठीत वाढणं म्हणजे मोठं होणं आणि दुसऱ्याच्या पानात घालणं, दोन्ही एकच," असं मला ऐकवतात, जणू काही मराठी त्यांनीच तयार केली. मोकळी जागा म्हणजे 'पान'. डावी बगल चटणी-कोशिंबिरीची, तिथं खेळाडू लहानखुरी चालेल पण झणझणीत हवी. शिटी वापरत नाहीत, आमटीचा डाव बादलीवर बडवतात. शनिवारी सकाळी धुक्यातून तो ठणठणाट आणि पोलिश, सोमाली, आयरिश, गुजराती मुलींच्या तोंडून "वाऽढ! वाऽढ!" असं ऐकू आलं की कुत्री फिरवायला आलेले इंग्रज म्हातारे रस्ता बदलतात.

समोरच्या टीमवर चारी बाजूंनी चाल करून जाण्याला ते 'आग्रह' म्हणतात. एका मॅचला समोरच्या कोचनं तक्रार केली की हे गृहस्थ सांकेतिक भाषेत सूचना देताहेत. रेफरी खेळ थांबवून आला. साडूंनी त्याला आग्रह ही काय चीज आहे ते समजावलं: माणूस पोट भरलं म्हणून पानावर दोन्ही हात आडवे धरतो, तरी आपण हातांच्या फटीतून जिलबी कशी सरकवायची, वगैरे. रेफरी बिचारा शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे प्रेसिंग." साडू दुखावले. "नो, नो. प्रेसिंग इज रूड," ते म्हणाले, "आग्रह इज विथ लव्ह." रेफरीनं हसून खेळ सुरू केला आणि हिबोनं पुढच्याच चालीत गोल केला. ही हकीकत मंडळात इतकी गाजली की साडूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यातलं श्रीफळ आणायला मला पाठवलं होतं.

हे सगळं मी हसत हसत सोसलंही असतं. पण माझं दुखणं वेगळं होतं. माझी रेवा. आमची एकुलती एक. लहानपणापासून एका अकॅडमीत खेळायची. हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून तिला भल्या सकाळी मैदानावर कुणी नेलं? मी. हात गोठेस्तोवर रेषेबाहेर कोण उभं राहिलं? मी. आणि सोळाव्या वर्षी अकॅडमीनं तिला 'रिलीज' केलं, म्हणजे काढून टाकलं. किती गोड शब्द आहे बघा, जणू कुणी पिंजऱ्याचं दार उघडलं. त्यानंतर तिनं बॉलला पाय लावला नाही. टीव्हीवर मॅच लागली तर उठून खोलीत जायची. बूटसुद्धा चॅरिटी शॉपला देऊन टाकले म्हणाली. ती साडूंच्याच कॉलेजात शिकत होती, दर रविवारी त्यांच्याकडे जेवत होती, आणि हा माणूस साऱ्या एजवेअरातल्या टाकलेल्या पोरी गोळा करत हिंडत होता, पण समोर बसलेल्या रेवाला एका शब्दानं विचारत नव्हता. मी आडून सुचवलं, मग सरळ सुचवलं. शेवटी एकदा भडकून म्हणालो, "तुमच्या टीममध्ये सगळ्या जगाला जागा आहे, घरच्या मुलीला तेवढी नाही." ते ताटातला भात कालवत शांतपणे म्हणाले, "तिला भूक लागू दे हो. आत्ता वाढलं तर पानात टाकेल." मला इतका राग आला की त्या दिवशी मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं नाही.

मागच्या वर्षीच्या गणपतीला साडूंनी कहर केला. वाढायला सगळी टीमच आणली. मॅग्दाच्या हातात भात, हिबोकडे आमटी, आणि बाकीच्या पोरी "पोळी? पोळी?" करत ओळीनं फिरताहेत. मंडळाची माणसं खूश. मला मात्र जेवण गोड लागेना. सख्खी भाची पानावर बसलेली आणि परक्या पोरी मानानं वाढताहेत. मी शेजारी बसलेल्या रेवाकडे बघितलं, ती मान खाली घालून जेवत होती. दुसरा भात आला तेव्हा घोटाळा झाला. पहिल्या ओळीत मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची मित्रमंडळी, त्यांनी आमटीचं एवढं कौतुक केलं की सगळ्या पोरी तिथंच जमा झाल्या. मागच्या ओळी हात वाळवत बसल्या.

तेवढ्यात रेवा उठून उभी राहिली. भर पंगतीत, जेवण अर्धं टाकून. मी तिचा कुर्ता ओढला, पण तिचं लक्ष नव्हतं. उजवा हात खरकटा, म्हणून तिनं तो छातीशी धरला होता, कशालाही न लावता. डाव्या हाताने हॉलच्या पार टोकाला दाखवत ती ओरडली, "मॅग्दा, तिकडे! कोपऱ्यात! पान रिकामा आहे!" तिथं दाराच्या आडोशाला एक आजोबा नुसत्या मीठ-लिंबाकडे बघत निमूट बसले होते. त्या गर्दीत ते कुणालाच दिसले नव्हते. मग ती थांबेचना. "हिबो, तू डावीकडून जा, मधून नको. भात आधी, आमटी मागून. पोळीवाल्या दोघी मागच्या ओळीला." बादलीला बोट न लावता तिनं उभ्या जागेवरून सगळा हॉल हलवला आणि बघता बघता एकही पान रिकामं राहिलं नाही. "रिकामा नाही गं, रिकामं," मी आपला सवयीनं म्हणालो. माझ्यामागे साडू डाव हातात घेऊन कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "व्याकरण राहू द्या हो," ते म्हणाले. "तिला दिसलं."

हात धुवायच्या जागी ते तिला एवढंच म्हणाले, "मंगळवारी प्रॅक्टिस आहे. बूट मात्र तुला बघावे लागतील." रेवा नळाखाली हात धरून म्हणाली, "बूट मी टाकली नाही, काका. कपाटात आहे." मी मागे रांगेत होतो. ज्या मुलीनं बूट दिले म्हणून मला सांगितलं, तिनं खरं काय ते त्यांना सांगितलं, तेही न विचारता. इतका हेवा मला त्या शाल-श्रीफळाचासुद्धा वाटला नव्हता.

त्यानंतर आमच्या घरात 'काका म्हणाले' सुरू झालं. काका म्हणाले मधल्या फळीत खेळ. काका म्हणाले धावायचं कमी, बघायचं जास्त. मी म्हणालो की हे मी तुला दहाव्या वर्षापासून सांगतोय, तर म्हणाली, "हो बाबा, पण तू ओरडून सांगायचास." मॅचला मला दोरीमागे गप्प उभं राहायची अट होती. मी राहिलो. आणि काय खेळायची हो! बॉल येण्याआधी एकदा मान वळवून सगळं मैदान बघून घ्यायची, आणि जिथं कुणी नाही असं तुम्हा-आम्हाला वाटतं तिथं बॉल द्यायची, तर हिबो तिथं पोचलेली असायची. माझे डोळे भरून यायचे. गोल झाला की मात्र ती धावत जायची ती मंकी कॅपकडे.

कॉलेजची दोन वर्षं संपली. ग्लासगोच्या एका युनिव्हर्सिटीचा कोच येऊन तिला बघून गेला आणि रेवा सप्टेंबरात तिकडं गेली. मॅग्दा कामाला लागली, हिबो बर्मिंगहॅमला शिकायला गेली. साडूंच्या टीमचं हे असंच असतं. पोरी जरा तयार झाल्या की जातात, आणि हे पुन्हा जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात.

परवा रविवारी त्यांच्याबरोबर मैदानावरून परत येत होतो. नव्या मुलींना अजून बादली धरता येत नव्हती, आम्हा दोघांच्याही पँटी ओल्या झाल्या होत्या. बॉलची जाळी त्यांच्या खांद्यावर होती. चालता चालता त्यांनी विचारलं, "रेवाचा फोन असतो का?" मी म्हणालो, सकाळीच झाला, अर्धा तास बोलत होती. थंडी फार आहे, पहिल्या अकरात घेतलंय, तिकडच्या कोचचं बोलणं कळत नाही, सगळं सांगितलं. ते "वा, वा" म्हणाले. मग जाळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं काही विचारलं का?"

नव्हतं विचारलं. पोरगी नव्या गावात, नव्या मैत्रिणींत रमली होती, तिच्या लक्षातही आलं नसेल. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी जळत होतो ती मला आयती मिळाली होती. फोन मला आला होता, त्यांना नाही. त्याचा आनंद कसा होतो हे बघायला मी क्षणभर थांबलोसुद्धा. आनंद काही झाला नाही.

"पहिलं तुमचंच विचारलं," मी म्हणालो. "काकांचा गुडघा कसा आहे म्हणाली. थंडीत फार वेळ उभं राहू देऊ नकोस म्हणाली."

सिग्नलपाशी आलो, बस गेली, रस्ता ओलांडला. मग साडू म्हणाले, "तुम्हाला थापा मारता येत नाहीत हो." त्यांच्या घराच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी जाळी खाली ठेवली, किल्ली शोधायला खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "पुन्हा सांगा बघू, काय म्हणाली ती?"

मी पुन्हा सांगितलं.