थंड हवेतलं बिनपंख्याचं घर

"हुक नको म्हणजे नको. नाशकात पंखा लावायला मी काय मुंबईकर आहे?" वडील अर्धवट घरासमोर असे गरजत होते की नाशिक रोडला उभी गाडी सिग्नल न बघता सुटली असेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता आणि छताला पंख्याचे हुक ठेवा, एवढंच आईने सुचवलं होतं.

"पंखा नाही तर नाही, पाळणा तरी टांगू."

"पाळण्याला स्टँड मिळतो."

अख्खं घर त्यांनी थंडीशी कुस्ती खेळायला बांधलं. ऊब टिकावी म्हणून छत बुटकं, खिडक्या इतक्या लहान की मांजरही अंग चोरून शिरायचं. पुढे शहराने झाडं तोडली, मळ्यांवर कॉलन्या उठवल्या, आणि घामाने चिकटलेल्या बनियनमध्ये छाती फुगवून जो तो सांगत राहिला, "आमची हवा थंड." उन्हाळ्यात आमच्या भिंतीवर पापड भाजून निघाले असते.

दहा-बारा वर्षांनी ताईला मालेगावचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता; घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी स्थळ मोडेल अशा धास्तीत ती होती. आणि वडिलांनी मुलाच्या वडिलांना फोनवर सांगितलं, "मे महिन्यातच या. तिकडे भाजून निघता, इथे जरा गार व्हा."

मंडळी आली. पोहे यायच्या आत मुलाच्या शर्टाचा रंग बदलला. आईने शेजारून टेबलफॅन आणून, वडिलांची अब्रू राखायला पडद्याआड लपवला होता. तिने बटण दाबलं आणि पडदा उडून थेट होणाऱ्या व्याह्यांच्या तोंडाला गुंडाळला गेला.

वडील शांतपणे म्हणाले, "संध्याकाळचं वारं सुटलं."

पडद्यातून आवाज आला, "वारं छान आहे साहेब. पण त्याला घरघर का लागलीय?"

ताई हातात ट्रे घेऊन दारातच थिजली. शेवटी पाहण्याचा कार्यक्रम अंगणात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उरकला. मंडळी गेली आणि ताई वडिलांशी बोलेनाशी झाली.

दोन दिवसांनी मालेगावहून फोन आला. वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "मग, काय ठरलं?"

"मुलगी पसंत आहे. पुढची बैठक मालेगावला घेऊ."